एडिसन, प्लेन्सबरो, हिल्सबरो की ईस्ट विंडसर: हायस्कूल बघून घर घेणाऱ्या एका कुटुंबाचं प्रकरण

पार्श्वभूमी

अमेय आणि ऋचा २०१४ मध्ये पुण्याहून न्यू जर्सीत आले. नावं बदलली आहेत, ओळख पटेल असे तपशीलही. अमेय रूट वन या महामार्गावरच्या एका औषध कंपनीत आयटीत आहे, ऋचा जर्सी सिटीतल्या एका बँकेत. तिला आठवड्यातून दोन दिवस ऑफिसला जावं लागतं. २०२३ च्या दिवाळीत त्यांनी घराचा विषय गंभीरपणे काढला तेव्हा ते एडिसनच्या दक्षिण भागात दोन बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये भाड्याने राहत होते. सानिका आठवीत होती, ओम तिसरीत. अमेयचे आई-बाबा सांगलीहून दर उन्हाळ्यात येतात आणि व्हिसा जेवढे दिवस देईल तेवढे राहतात.

दोघंही एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, ग्रीन कार्डच्या रांगेत. ओम इथे जन्मला. सानिका पुण्याची, त्यामुळे २१ वर्षांची होईपर्यंत ग्रीन कार्ड आलं नाही तर आई-वडिलांच्या अर्जातून तिचं नाव गळू शकतं. घराशी याचा संबंध थेट आहे. इथे वीस वर्षं राहायचं की सात, हेच नक्की नसेल तर घर घेतानाच ते विकायचा विचार करावा लागतो.

घाई सानिकामुळे होती. अमेरिकेत हायस्कूल नववी ते बारावी आणि कॉलेजला जाणारी गुणपत्रिका नववीपासून सुरू होते. त्यामुळे हलायचं तर सप्टेंबर २०२४ च्या आत, नाहीतर चार वर्षं थांबायचं.

प्रश्न काय होता

अमेयने एक्सेलची शीट केली होती. गाव, किंमत, प्रॉपर्टी टॅक्स, स्टेशन किती लांब, हायस्कूलचं रेटिंग आणि शेवटच्या रकान्यात नुसतं '%'. कशाचे टक्के ते लिहिलेलं नव्हतं. आपल्याकडे प्रत्येकाच्या शीटमध्ये हा रकाना असतो आणि त्याला सहसा कोणी नाव देत नाही.

एजंटबाईंना ऋचाने पहिल्याच भेटीत विचारलं, "इथे आपले लोक किती आहेत?" बाईंनी हसून सांगितलं की याचं उत्तर त्या देऊ शकत नाहीत, सेन्ससची साइट बघा. ऋचाला ते तुटक वाटलं. पण त्यात बाईंचा आखडूपणा नव्हता, कायदाच तसा आहे. १९६८ च्या फेअर हाउसिंग ॲक्टनुसार वंश, धर्म किंवा मूळ देश बघून गिऱ्हाइकाला एखाद्या वस्तीकडे वळवणं किंवा तिथून दूर ठेवणं एजंटला चालत नाही. तरी ते होतं. २०१९ मध्ये 'न्यूजडे'ने लाँग आयलंडवर गोऱ्या आणि बिगरगोऱ्या गिऱ्हाइकांच्या जोड्या पाठवून तपास केला, तेव्हा काही एजंट एकाच बजेटच्या लोकांना वेगवेगळी गावं दाखवताना सापडले होते. एजंटने जे बोलायचं नाही, ते आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मोकळेपणी चालतं. "ईस्ट विंडसर? तिथे स्पॅनिश लोक फार" हे वाक्य अमेयला एकाच आठवड्यात दोघांकडून ऐकायला मिळालं. दोघंही त्या गावाच्या शाळेत कधी गेलेले नव्हते.

मी एजंट नाही की समुपदेशक नाही. या भागातल्या स्कूल बोर्डाच्या बैठकांना बसायची सवय आहे, म्हणून लोक विचारतात, तसं त्यांनीही विचारलं. माझं म्हणणं एवढंच होतं की त्या '%' मध्ये चार वेगळे प्रश्न कोंबलेले आहेत. सानिकाला मैत्रिणी मिळतील का? वरच्या वर्गातल्या जागांसाठी किती जणांशी स्पर्धा असेल? आजी-आजोबांना बोलायला माणूस मिळेल का? आणि घर पुढे कोण विकत घेईल? चारही उत्तरं एका आकड्यात मावत नाहीत. बऱ्याचदा ती एकमेकांच्या उलट जातात.

रेटिंग कशाचं असतं

घर दाखवणाऱ्या साइटवर किमतीखाली शाळेचे जे एक ते दहा गुण दिसतात ते बहुधा ग्रेटस्कूल्स या संस्थेचे असतात. त्यात परीक्षांच्या सरासरीचा वाटा मोठा, आणि सरासरी बरीचशी घरच्या उत्पन्नासोबत चालते. स्टॅनफर्डच्या शॉन रिअर्डन यांनी देशभरातल्या स्कूल डिस्ट्रिक्टचा (एका स्कूल बोर्डाखालच्या शाळांचा) डेटा लावून दाखवलं की मुलं वर्षागणिक किती शिकतात याचा श्रीमंतीशी संबंध त्या मानाने बराच सैल आहे. त्यांच्या २०१७ च्या मांडणीत शिकागोची मुलं तिसरी ते आठवी या पाच वर्षांत सुमारे सहा वर्षांचं शिकत होती, आणि शिकागोची सरासरी मात्र कमीच होती. म्हणजे दहापैकी नऊ गुणांमध्ये आई-वडिलांचे पगार, घरची पुस्तकं आणि शनिवारचे गणिताचे क्लास हे सगळं मिसळलेलं असतं. शाळेने त्यात काय भर घातली, ते त्या नऊवरून कळत नाही.

त्या मिश्रणाला बाजारात भाव मात्र पक्का. बॉस्टनच्या उपनगरांत शाळांच्या हद्दीच्या दोन्ही बाजूंची घरं तुलनेला घेऊन सँड्रा ब्लॅक यांनी १९९९ मध्ये दाखवलं की प्राथमिक शाळेचे गुण पाच टक्के जास्त असतील तर पालक घराला अडीच टक्के जास्त मोजतात. आमच्याकडे लांब जायलाच नको. एडिसन हे एकच गाव, लोकसंख्या लाखाच्या वर, टॅक्सचा दर एक, आणि हायस्कूलं दोन: एडिसन हाय आणि उत्तरेकडचं जे. पी. स्टीव्हन्स. मधल्या रेषेच्या पलीकडे तेवढंच घर महाग.

मग बघायचं कशात? न्यू जर्सीचं शिक्षण खातं दर वर्षी प्रत्येक सरकारी शाळेचा परफॉर्मन्स रिपोर्ट काढतं. फुकट असतो आणि एजंटच्या माहितीपत्रकापेक्षा कितीतरी प्रामाणिक. एका रविवारी ऋचाने चार शाळांचे रिपोर्ट छापून जेवणाच्या टेबलावर मांडले आणि हायलायटर घेऊन बसली. घरी कुठल्या भाषा बोलतात, दहा टक्के किंवा जास्त दिवस गैरहजर राहणारी मुलं किती, एपी (हायस्कूलातच कॉलेजच्या पातळीचे विषय) घेणारी किती, बारावीनंतर कॉलेजला किती जातात, सगळं त्यात आहे. उपयोगाचं पान निघालं ते गटवार निकालांचं. सगळ्या शाळेची सरासरी बाजूला ठेवून तिने प्रत्येक रिपोर्टमधला आशियाई मुलांचा आकडा दुसऱ्या रिपोर्टमधल्या त्याच आकड्याशेजारी धरला. हाच खेळ गरीब नसलेल्या मुलांच्या आकड्यांवरही केला. शाळांमधलं अंतर उरलंच, पण रेटिंगमध्ये दिसत होतं त्यापेक्षा बरंच आटलं. अमेयने तीन वेळा तपासलं. त्याचा विश्वास बसत नव्हता.

समोरचे पर्याय

एडिसनचा उत्तर भाग. भारतीय दुकानांचा ओक ट्री रोड, देवळं, वाणसामान, आजी-आजोबांची चंगळ. सानिकाच्या मैत्रिणी हाकेच्या अंतरावर. पण ७ लाख डॉलरच्या बजेटमध्ये जे दिसलं त्याला एकतर छप्पर नवं घालायला हवं होतं, नाहीतर ते टाउनहाउस होतं.

प्लेन्सबरो. वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो या नावाजलेल्या स्कूल डिस्ट्रिक्टचा अर्धा भाग. डिस्ट्रिक्ट एक, पण वेस्ट विंडसर मर्सर काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) आणि प्लेन्सबरो मिडलसेक्समध्ये, याचं महत्त्व पुढे येईल. बजेटमध्ये टाउनहाउस बसत होतं, अंगण नव्हतं. या डिस्ट्रिक्टचा इतिहासही ऋचाने वाचला. २०१५ मध्ये तिथले सुपरिंटेंडंट डेव्हिड ॲडरहोल्ड यांनी मुलांवरच्या ताणाबद्दल पालकांना सोळा पानी पत्र लिहिलं. हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा बंद झाल्या, काही संध्याकाळी गृहपाठाला सुट्टी मिळाली आणि चौथीपासूनचा प्रगत गणिताचा वर्ग सहावीवर गेला. पालकांमध्ये दोन तट पडले, तेही बरेचसे आशियाई आणि गोरे असे. बातमी देशभर गेली. अमेयला ते पत्र म्हणजे शाळा सैल पडल्याचं लक्षण वाटलं, ऋचाला शाळा जागी असल्याचं. मी ऋचाच्या बाजूचा.

हिल्सबरो. सॉमरसेट काउंटी, मोठी घरं, एकच हायस्कूल, रेटिंग चांगलं, गोरी वस्ती जास्त. ऋचाच्या ऑफिसच्या दृष्टीने फार आडबाजूला. एक शनिवार घालवून तो विषय संपला.

ईस्ट विंडसर. मुलं हाइट्सटाउन हायला जातात. हिस्पॅनिक, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, मुलांचं प्रमाण मोठं, रेटिंग या चौघांत सर्वांत खाली. ६ लाख ४० हजारांत चार बेडरूम, तळघर, मागे झाडं.

मध्येच एक पाचवा पर्याय उगवला. अमेयला 'प्रिन्स्टन' पत्त्याचं एक घर स्वस्तात दिसलं आणि तो दोन दिवस हवेत होता. प्रिन्स्टनचा ०८५४० हा पिन आजूबाजूच्या बऱ्याच गावांत पसरलेला आहे. पोस्टाचा पत्ता प्रिन्स्टन असला तरी मूल शाळेत जातं ते घर ज्या म्युनिसिपालिटीत आहे तिथल्या. हे घर निघालं साउथ ब्रन्सविकमध्ये. शाळा वाईट नव्हे, पण आपण पैसे कशाचे देतोय ते तरी कळायला हवं. तेव्हापासून ऋचा प्रत्येक घराचा नंबर आणि रस्ता सांगून डिस्ट्रिक्टच्या नोंदणी कार्यालयाला ई-मेल करायची आणि उत्तर लेखी मागायची.

निर्णयाची वळणं

पहिलं वळण जानेवारीत. मिडलसेक्स काउंटीची मॅग्नेट हायस्कूलं (काउंटीभरातून निवडक मुलं घेणाऱ्या सरकारी शाळा) प्रवेश परीक्षा घेतात. सानिकाने अर्ज शरद ऋतूतच भरला होता. तिथे नंबर लागला असता तर राहणं मिडलसेक्समध्येच भाग होतं, म्हणजे एडिसन किंवा प्लेन्सबरो. ईस्ट विंडसर मर्सर काउंटीत. मर्सरच्या अशाच शाळांना अर्ज करायचा तर राहायला मर्सरमध्ये हवं. काउंटी बदलायचं ठरेपर्यंत इकडची परीक्षा होऊन गेली होती आणि तिकडच्या अर्जाची मुदतही. निकाल आला, सानिकाचं नाव यादीत नव्हतं. दोन दिवस घरात शांतता होती. मग अमेयच्या लक्षात आलं की नकाशा मोकळा झाला.

दुसरं वळण एप्रिलमधलं. प्लेन्सबरोच्या टाउनहाउसला त्यांनी मागितल्यापेक्षा ३० हजार जास्त देऊ केले आणि ते हातचं गेलं. पुढच्या घरासाठी एजंटबाई म्हणाल्या, आणखी वर जावं लागेल. त्या रात्री दोघांनी हिशेब मांडला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० वर्षांच्या कर्जाचा दर पावणेआठ टक्क्यांच्या वर गेला होता, वसंतात तो सातच्या आसपास होता. त्या दराने घराच्या किमतीत दोन लाखांचा फरक धरला तर महिन्याला साधारण १,३३० डॉलर पडतात, वर्षाला सोळा हजार. राज्यातल्या विद्यार्थ्याची रटगर्स या सरकारी विद्यापीठाची वर्षाची फी तेव्हा याच्या थोडी वर होती. शिवाय न्यू जर्सीत प्रॉपर्टी टॅक्सचं सरासरी बिलच वर्षाला दहा हजारांच्या घरात, आणि त्यांनी बघितलेल्या घरांवर त्याहून जास्त. "म्हणजे शाळेसाठी इतके मोजायचे की कॉलेजला काही उरणार नाही," ऋचा म्हणाली. अमेयचा मुद्दाही खोटा नव्हता: चांगल्या रेटिंगचं घर मंदीतही विकलं जातं, आणि आपल्याला कधी विकावं लागेल सांगता येत नाही.

तिसरं वळण सानिकाने आणलं, तिला विचारल्यावर. तोवर कोणी विचारलं नव्हतं. ती आठवीत अल्जेब्रा वन करत होती, जे इथे सर्वसाधारणपणे पुढेच धरतात. पण प्लेन्सबरोच्या मैत्रिणीकडून तिला कळलं होतं की तिकडची बरीच मुलं तोवर जॉमेट्री संपवतात. "मी तिथे पहिल्या दिवसापासून मागेच असेन ना?" असं तिने विचारलं. हर्बर्ट मार्श हे मानसशास्त्रज्ञ १९८० च्या दशकापासून हेच मांडत आले आहेत: सारख्याच कुवतीचं मूल जास्त हुशार मुलांच्या शाळेत स्वतःला कमी लेखतं. प्रत्येक मुलाचं तसं होत नाही. पण सानिका गप्प बसणारी मुलगी आहे. वर्गात हात वर करायला तिला आधी खात्री लागते.

चौथं वळण एका संध्याकाळचं. शाळांचे वसंतातले संगीताचे कार्यक्रम सगळ्यांना खुले असतात, म्हणून दोघं दोन शाळांत जाऊन बसले. ऋचाने कार्यक्रमाचं पत्रक जपून ठेवलं आहे. एका शाळेच्या पत्रकात ऑर्केस्ट्राच्या पानावर जवळपास सगळी आडनावं भारतीय आणि चिनी होती, बँडच्या पानावर वेगळीच. दुसऱ्या शाळेत पानं मिसळलेली होती. शाळेचे टक्के एक सांगतात, पण कोण कोणाशेजारी बसतं ते त्यातून कळत नाही. एपी केमिस्ट्रीच्या वर्गाचे टक्के आणि शाळेचे टक्के यांचा मेळ क्वचितच बसतो, हे केंद्र सरकारच्या नागरी हक्क विभागाच्या आकड्यांतही दिसतं. आपले पालक हे ऐकून सुस्कारा सोडतात: शाळा कशीही असो, आपलं मूल 'आपल्याच' वर्गात असेल. मला या सुस्काऱ्याची लाज वाटते, पण तो खरा आहे आणि घरं त्यावर घेतली जातात.

काय केलं

मे महिन्यात ईस्ट विंडसरच्या घराला त्यांनी मागितलेल्या किमतीची ऑफर दिली. न्यू जर्सीत करारावर सह्या झाल्यावर वकिलाला बघायला तीन कामकाजाचे दिवस मिळतात. त्या तीन दिवसांत अमेयने पुन्हा एकदा माघार घ्यायचा विचार केला, कारण ऑफिसातल्या एकाने त्याला विचारलं, "अरे, मुलांच्या शिक्षणात काटकसर करतोस?" ऋचाने त्याच दिवशी शाळेच्या समुपदेशकाला फोन लावून विषयांची यादी आणि ऑनर्सच्या, म्हणजे वरच्या पातळीच्या वर्गांच्या, अटी मागून घेतल्या. कागद समोर आल्यावर वाद मिटला. जुलैत क्लोजिंग झालं.

काय झालं

आता दीड वर्षं उलटून गेलंय. सानिका दहावीत आहे. नववीचे पहिले दोन-तीन महिने ती डबा लायब्ररीत खायची. मग मार्चिंग बँडमध्ये गेली आणि तिथे तिचं जमलं. गणितात ती वरच्या वर्गात आहे आणि हात वर करते. जवळच्या मैत्रिणींत एक एक्वादोरची, एक तेलुगू. घरी आई-बाबांना कळू नये असं काही बोलायचं असलं की ती फोनवर स्पॅनिश झाडते.

ओमचं चित्र इतकं साफ नाही. त्याच्या वर्गात मराठी कोणी नाही. रविवारच्या मराठी शाळेला त्याला गाडीने न्यावं लागतं आणि महिन्यातून एक रविवार ते हमखास बुडतं. एडिसनमध्ये तो जिन्यात मराठी बोलायचा.

सगळ्यात जास्त बिनसलं आजोबांचं. एडिसनला ते रोज चालत देवळात जायचे, वाटेत चार माणसं भेटायची. इथे कोपऱ्यावर फुटपाथ संपतो. २०२५ च्या उन्हाळ्यात ते ठरल्यापेक्षा महिनाभर आधी सांगलीला परतले. तक्रार केली नाही, एवढंच म्हणाले, "तिकडे शेतात जरा बघायला हवं." '%' च्या रकान्यातला तिसरा प्रश्न तो हाच होता, आणि निर्णयाच्या वेळी तो कोणीच वर काढला नाही.

ऋचा प्रिन्स्टन जंक्शनच्या रेल्वे स्टेशनला गाडी लावते. पार्किंगच्या परमिटची रांग लांब असल्यामुळे रोजचं तिकीट काढते आणि जागा मिळावी म्हणून सहा वाजता निघते. तो खर्च शीटमध्ये कुठेच नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

शोध सातवीच्या शेवटी सुरू व्हायला हवा होता. काउंटीच्या शाळांचे अर्ज आठवीच्या शरद ऋतूत निघतात, आणि काउंटी बदलायची असेल तर त्याआधी पत्ता तिथला हवा. दिवाळीत सुरुवात केल्यावर एक काउंटी आपोआप सुटली.

भाड्याने राहण्याचा पर्याय त्यांनी कधी मांडलाच नाही. प्लेन्सबरोला वर्षभर भाड्याने राहून बघता आलं असतं. सानिकाच्या बाबतीत मला तरीही झालेला निर्णय बरोबर वाटतो. ओम एकटा असता तर मी भाड्याचं सुचवलं असतं, कारण तिसरीतल्या मुलासाठी आजचं हायस्कूल बघणं फारसं कामाचं नाही. न्यू जर्सीत २०१८ च्या कायद्याने शाळांना मिळणाऱ्या राज्याच्या मदतीची फेरवाटणी झाली, काही डिस्ट्रिक्टची मदत वर्षानुवर्षं घटत गेली, आणि टॅक्सची वाढ दोन टक्क्यांच्या मर्यादेत अडकलेली. सहा वर्षांत संगीत किंवा परदेशी भाषा यादीतून जाऊ शकते. वस्तीचंही तसंच. राज्याच्या सुप्रीम कोर्टाच्या 'माउंट लॉरेल' निकालांमुळे गावांना परवडणाऱ्या घरांचा वाटा उचलावा लागतो आणि २०२५ पासून त्याची नवी दहा वर्षांची फेरी सुरू झाली आहे. आजचे टक्के ओम नववीत जाईपर्यंत राहतील असं धरून चालता येत नाही.

गणिताची पातळी ऑफर देण्याआधी विचारायला हवी होती, करारानंतरच्या तीन दिवसांत नव्हे. आणि घर बघायला आजोबांना न्यायला हवं होतं, निदान एकदा, चालत.

विक्रीची भीती खरी होती की नाही ते अजून कळायचंय. ग्रीन कार्डची रांग हललेली नाही. ओम आठवीत जाईल २०२८ मध्ये, आणि तेव्हा मर्सरच्या काउंटी शाळेचा अर्ज वेळेत भरता येईल, कारण पत्ता आधीच तिथला आहे. ऋचाने ती तारीख फोनमध्ये घालून ठेवली आहे. अमेयच्या नव्या शीटमध्ये '%' चा रकाना नाही. त्या जागी आता 'फुटपाथ' आणि 'पार्किंग' असे दोन रकाने आहेत.